इंग्रजीतून फ्रेंचकडे, व्हाया मराठी



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सासूबाई पुण्याहून आमच्याकडे मॉन्ट्रियलला आल्या होत्या. एका रविवारी त्यांना घेऊन दोन तासांवरच्या एका लहान गावी गेलो. तिथे ऊन लागलं आणि सासूबाई चक्कर येऊन पडल्या. दोन मिनिटांत शुद्धीवर आल्या, पण आमच्या जिवाला घोर. गाडीत घालून दवाखान्यात नेलं, बायकोला त्यांच्याजवळ बसवलं आणि मी आत पळालो.

काउंटरवरच्या बाईंना इंग्रजी जेमतेमच येत होतं. माझ्या डोक्यात वाक्य होतं, 'शी पास्ड आउट'. मी 'पास'चं फ्रेंच केलं: "एल ए पासे." याचा अर्थ 'त्या येऊन गेल्या'! बाईंनी शांतपणे विचारलं, "कधी?" राहिलेला 'आउट' भरून काढायला मी म्हणालो, "एल ए पार्ती." म्हणजे 'त्या गेल्या'. आणि फ्रेंचमध्येही 'गेल्या' म्हणजे आपल्यासारखंच, कधी कधी कायमच्या. बाईंचा चेहरा पडला. तेवढ्यात सासूबाई स्वतःच्या पायांनी दारातून आत आल्या म्हणून बरं!

मला हवं होतं ते वाक्य फार सोपं होतं: "एल आ पेर्द्यू कॉनेसांस." शब्दशः 'तिची शुद्ध हरपली'. म्हणजे मराठीत विचार केला असता तर अर्धं काम तिथेच झालं असतं.

तेव्हापासून मला हा नादच लागला. इंग्रजीची गंमत अशी की क्रियापद साधंसुधं, पण खरं काम शेपटीतला छोटा शब्द करतो. 'गो अप', 'गो डाउन', 'गो इन', 'कम बॅक'. फ्रेंचमध्ये ही शेपटी नाही, दिशा क्रियापदाच्या पोटातच: मोंते, देसांद्र, आंत्रे, रव्हनीर. आता मराठी बघा: चढणे, उतरणे, शिरणे, परतणे. एकास एक!

वाक्य लांबलं तरी तेच. 'ही स्वॅम अक्रॉस द रिव्हर' यात पोहणं क्रियापदात आणि ओलांडणं 'अक्रॉस'मध्ये. फ्रेंच नेमकं उलट करतं: 'इल आ ट्राव्हेर्से ला रिव्हिएर आ ला नाज', म्हणजे 'त्याने पोहून नदी ओलांडली'. व्हिने आणि दार्बेलने या दोघांनी 1958 साली फ्रेंच आणि इंग्रजीच्या शैलींची तुलना करणारं पुस्तक लिहिलं, त्यात या अदलाबदलीला 'शासे-क्र्वाझे' म्हटलंय. नाचात जोडीदार जागा बदलतात ती चाल. आपल्याला मात्र जागा बदलावी लागत नाही, आपण आधीच फ्रेंचच्या बाजूला उभे!

शब्दयोगी अव्ययांचंही तसंच. 'वेट फॉर', 'लुक फॉर', 'लिसन टू' यांचं फ्रेंच आतांद्र, शेर्शे, एकुते. मागे काही लावायचं नाही. 'मी किल्ली शोधतो', संपलं. इथे क्वेबेकमध्ये इंग्रजीच्या सहवासाने काही जणांच्या तोंडी 'शेर्शे पूर' येतं, पण लिहिताना ती चूकच धरतात. आणि 'आय मिस यू'? फ्रेंचमध्ये 'त्यू म मांक', म्हणजे 'तुझी उणीव मला भासते'. इंग्रजी माणसाला हे उलटं वाटतं. आपल्याला मुळीच नाही.

पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका. दोन खड्डे सांगतो. पहिला, आपण 'पेल्यातून' पाणी पितो. फ्रेंच माणूस 'पेल्यात' पितो: ब्वार 'दां'. कप्प्यातून वस्तू काढतानाही तोच 'दां'. इथे मराठी इंग्रजीच्या बाजूने जाते.

दुसरा खड्डा 'ला'चा. 'त्याला पाहिलं' आणि 'त्याला विचारलं', आपल्याकडे दोन्हीकडे 'त्याला'. फ्रेंचमध्ये पहिल्याला 'ल', दुसऱ्याला 'लुई'. माझी युक्ती: माणसाच्या जागी निर्जीव गोष्ट ठेवून बघायची. 'चित्र पाहिलं' म्हणताना 'ला' गळतो, म्हणून 'ल'. 'बँकेला विचारलं' म्हणताना 'ला' राहतोच, म्हणून 'लुई'. दर वेळी जमेलच असं नाही, पण माझ्या बऱ्याच चुका यामुळे टळल्या.

सांगायचा मुद्दा असा की, आपल्यापैकी बहुतेक जण फ्रेंच शिकतात ते इंग्रजीच्या खांद्यावर बसून. शिकवण्या तशा, शब्दकोशही तसेच. त्यात मराठी उगीचच घरी ठेवून येतो. आता मी काउंटरवर उभा राहिलो की आधी मनात म्हणतो, हेच आईला फोनवर कसं सांगितलं असतं? मग त्याचं फ्रेंच शोधतो.

सासूबाई ठणठणीत आहेत. "मला 'गेल्या' म्हणालास!" हे मात्र अजून ऐकवतात.

चूभूद्याघ्या.