लवणासुराच्या गुहेत पहिले पाऊल

लोणारच्या विवरात लवणासुर नावाचा दैत्य दडून बसला होता आणि विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपात त्याचा वध केला, ही आख्यायिका बुलडाणा जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ऐकणाऱ्याला तिचा शेवट आधीच ठाऊक असतो. परंतु त्या गुहेच्या तोंडाशी देवाऐवजी गावातील चार साधी माणसे उभी राहिली तर? त्यांनी पुढे काय करायचे, हे ऐकणाऱ्यांनीच ठरवायचे असेल, तर कथेचा खेळ होतो. 'रोलप्लेइंग गेम' या नावाने जगभर ओळखला जाणारा हा बैठा खेळ मराठीत भूमिकाखेळ म्हणता येईल.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकी लेखकांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या प्रकाराची सुरुवात झाली. पटावरील युद्धखेळांत एकेक खेळाडू अख्खे सैन्य हलवीत असे. येथे प्रत्येकाच्या वाट्याला एकच पात्र आले. एक जण सूत्रधार होतो व प्रसंग वर्णन करतो. आपले पात्र काय करते, हे इतर सांगतात. परिणाम अनिश्चित असेल, तेव्हा फासा निर्णय देतो. तमाशातील बतावणीप्रमाणे प्रसंग ठरलेला, संवाद मात्र जागेवर सुचणारे. येथे कोणी कोणाला हरवीत नाही.

तयारी थोडीच हवी

प्रथमच सूत्रधार होणारा बहुधा एक चूक करतो. तो संपूर्ण कादंबरी रचून आणतो आणि खेळाडू दुसऱ्याच वाटेने गेले की गोंधळतो. पहिल्या बैठकीला चार खेळाडू, तीन तास आणि एक अडचण पुरेशी असते. उदाहरणार्थ, लोणारच्या काठावरील गोमुखाची गोड्या पाण्याची धार एका सकाळी खारट होते. गावाला दोन दिवसांत पाणी हवे आहे. पहिला प्रसंग धारेपाशी, दुसरा झाडीतून तळ्याकडे उतरताना, तिसरा गुहेत. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, बेसॉल्टचे कडे, खारे व अल्कधर्मी पाणी, काठावरचे कमळजा देवीचे मंदिर असा देखावा जिल्ह्यातच तयार आहे. जून २०२० मध्ये तळे गुलाबी झाले, ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. खेळात त्याच रंगाला अशुभ चिन्ह मानता येते.

गुहेचा शोध मात्र एकाच धाग्यावर टांगू नये. तो धागा हुकला की खेळ थांबतो. गुराख्याची आठवण, खडकातील खारी ओल आणि शिळेवरचे कोरीव चित्र अशा तीन खुणा ठेवल्यास एक तरी सापडते.

फासा केव्हा टाकावा?

या खेळात वीस बाजूंचा फासा वापरतात. तो नसल्यास १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालाव्यात. काढलेली चिठ्ठी दर वेळी परत टाकावी, अन्यथा शक्यता बदलते. सोप्या कामास १०, मध्यम कामास १५ आणि अवघड कामास २० हे लक्ष्य ठेवावे. ओला कडा रात्री उतरण्यास १५ लागतात असे समजू. साध्या माणसाला १५ ते २० यांपैकी आकडा हवा, म्हणजे यशाची शक्यता ३० टक्के. चढाईत तरबेज गुराख्याच्या आकड्यात ३ मिळवले, तर १२ पुरतात आणि शक्यता ४५ टक्के होते. पात्रांतील फरक असा जाणवतो.

यश व अपयश दोन्हींतून कथा पुढे जाणार असेल, तेव्हाच फासा टाकावा. दार उघडले नाही, एवढेच सांगितले तर सारे गप्प होतात. दार उघडले, पण कंदील विझला, असे सांगितले तर चौघेही पुढे सरसावतात.

सूत्रधाराची कसोटी

खरी परीक्षा नियमांची नसते. चौघांपैकी एक जण सतत बोलतो आणि एक जण तोंड उघडत नाही, असे बहुतेक बैठकींत घडते. सूत्रधाराने गप्प बसलेल्याच्या पात्राचे नाव घेऊन विचारावे, 'अंधारातून आवाज आला. तू काय करतोस?' उत्तर कितीही साधे असो, त्याचा परिणाम कथेत दिसला पाहिजे. आपल्या बोलण्याने काही बदलले, हे कळले की तोच खेळाडू पुढच्या वेळी न विचारता बोलतो.

शेवटही खेळाडूंच्या हाती सोडावा. ते दैत्याशी लढतील, त्याला फसवतील किंवा पाणी का खारवलेस असे विचारतील. आख्यायिकेतही दैत्यसूदनाने आधी त्याच्या बहिणींना वश करून गुहेचा ठाव घेतला, असे सांगतात. केवळ बळाने काम झाले नाही. सूत्रधाराच्या मनातला शेवट घडला नाही आणि तरीही गावाच्या पाण्याचे काय झाले, याची चर्चा उठताना चालू राहिली, तर पहिली बैठक साधली असे समजावे.