केबल नाही, मग मॅच कुठे पाहायची?

आपल्या बऱ्याच घरांतून केबल गेली. कुणी महिन्याच्या तीनशे-चारशे रुपयांना कंटाळून बंद केली, कुणी घरात लहान मुलं आहेत म्हणून. कुणी मुलीच्या दहावीच्या वर्षापुरती बंद केली आणि वर्ष संपल्यावर पुन्हा सुरू करायची आठवणच कुणाला झाली नाही. मालिका गेल्याचं दुःख फारसं कुणी केलं नाही. दादीला थोडं झालं असावं, पण ती बोलली नाही. अडचण येते ती मॅचच्या दिवशी.

त्या दिवशी घरातले मुलगे चपला घालतात आणि बाहेर पडतात. नाक्यावरचं चहाचं हॉटेल आहे, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, मित्राच्या घराची गच्ची आहे. अब्बा दुकानातच पाहून घेतात. मागे उरतात अम्मी, दादी आणि मुली. म्हणजे केबल बंद झाल्यावर मॅच बंद होते ती फक्त घरातल्या बायकांची. हे कुणी ठरवून करत नाही, आणि म्हणूनच ते कुणाच्या लक्षात येत नाही. रात्री साडेअकराला भाईजान घरी येतो, बहीण दार उघडते आणि विचारते, "कोण जिंकलं?" एवढाच तिचा सामना.

आणि ती काही उगाच विचारत नसते. शाळेत ती खो-खो खेळलेली असते, गल्लीत लहान भावाला गोलंदाजी केलेली असते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघात सांगलीची स्मृती मानधना होती. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढणारी जेमिमा रॉड्रिग्ज मुंबईची. आपल्याच राज्यातल्या मुली खेळत होत्या, आणि आपल्याच राज्यातल्या किती मुलींनी ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचलं, याचा विचार करून पाहा.

म्हणून केबल परत घ्या, असं आम्ही म्हणणार नाही. केबलशिवायही घरात बसून मॅच पाहता येते, आणि भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय व टी-ट्वेंटी सामने तर फुकट पाहता येतात. ती कुणाची मेहरबानी नव्हे, तसा कायदाच आहे. पण तो फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९९३ मध्ये हीरो कप स्पर्धेच्या वेळी वाद झाला. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला दिले होते, आणि तोवर टीव्ही म्हणजे दूरदर्शनची मक्तेदारी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल लागला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, आणि त्यांचा वापर जनतेच्या हितासाठीच व्हायला हवा. खासगी वाहिन्यांचं दार त्या निकालाने मोकळं झालं. पण त्याच दाराने पैसेवाल्या कंपन्याही आत आल्या. क्रिकेटचे हक्क कोटींच्या भावाने विकले जाऊ लागले आणि ज्याच्या घरी केबल नाही तो मॅचला मुकू लागला.

२००७ च्या सुरुवातीला वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला होता. नागपूरहून मालिका सुरू झाली आणि प्रक्षेपण दूरदर्शनला मिळणार की नाही यावरून हक्क घेतलेली कंपनी आणि सरकार कोर्टात उभे राहिले. सरकारने आधी वटहुकूम काढला, नंतर संसदेने कायदा केला. त्या कायद्यानुसार, राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून सरकारने जाहीर केलेले सामने ज्या कंपनीकडे आहेत, तिने ते थेट चित्र आपल्या जाहिराती काढून प्रसार भारतीला द्यायचं. दूरदर्शनला जाहिरातींतून जे उत्पन्न मिळेल त्यातले किमान ७५ टक्के कंपनीचे, उरलेले प्रसार भारतीचे. रेडिओसाठी वाटणी निम्मी-निम्मी. जाहीर केलेल्या यादीत भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने आहेत, ऑलिंपिक आणि आशियाई स्पर्धा आहेत, हॉकीतल्या आणि फुटबॉलमधल्या मोठ्या स्पर्धांचे महत्त्वाचे सामने आहेत.

आता गंमत पुढे आहे. केबल असलेल्या घरातही दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणं केबलवाल्याला बंधनकारक आहे. त्यामुळे कायदा झाल्यावर केबलवरच्या दूरदर्शनवरही मॅच फुकट दिसू लागली. कंपन्यांनी तक्रार केली की मग आमची महागडी वाहिनी कोण घेणार? ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं. अशा प्रकारे मिळालेलं चित्र दूरदर्शनने फक्त स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या छत्रीवरून दाखवायचं, खासगी केबल किंवा खासगी डिशवरून नाही. त्यामुळे आज मॅचच्या दिवशी महिन्याला पैसे भरणाऱ्याच्या घरी दूरदर्शन लावलं तर तिथे दुसरंच काही चाललेलं असतं, आणि एकदाच छत्री बसवून मोकळ्या झालेल्या शेजाऱ्याच्या घरी तीच मॅच दिसते. केबल काढणाऱ्याचा एवढा फायदा दुसऱ्या कुठल्या बाबतीत झाला असेल असं आम्हाला वाटत नाही.

ही छत्री म्हणजे डीडी फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरात ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. दर महिन्याला काहीही भरावं लागत नाही. छत्री, डबा, वायर आणि बसवणाऱ्याची मजुरी धरून साधारण दीड-दोन हजारांत काम होतं, गावोगावी भाव थोडा मागेपुढे. डबा घेताना एमपीईजी-४ चा मागा. एमपीईजी-२ चा जुना डबा स्वस्तात मिळतो, पण त्यावर काही वाहिन्या दिसत नाहीत. दुकानदार म्हणेल, "सगळं येतं याच्यात." त्याला डबा लावून डीडी स्पोर्ट्स दाखवायला सांगा, मगच पैसे द्या.

बसवायला माणूस मिळाला नाही तरी फार अवघड नाही. हा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्या महाराष्ट्रातून पाहिलं तर तो आग्नेयेला, बऱ्यापैकी उंचावर येतो. किबल्याची दिशा आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते. तिच्या साधारण उलट बाजूला पूर्व, आणि तिथून दक्षिणेकडे वळलं की छत्रीची दिशा. समोर नारळाचं झाड, पाण्याची टाकी किंवा शेजारची नवी इमारत नको. एक जण गच्चीवर छत्री अगदी थोडी थोडी हलवतो, दुसरा खाली टीव्हीवर सिग्नलची पट्टी पाहून ओरडतो. हे काम मुलींना खूप आवडतं, त्यांना करू द्या. भाड्याच्या घरात किंवा सोसायटीत राहत असाल तर गच्चीचा प्रश्न आधी मिटवून घ्या. नंतर वाद नको.

कोकणातल्या वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुसळधार पाऊस लागला की चित्र चौकोन चौकोन होऊन थांबतं. डबा बिघडलेला नसतो. या लहरी दाट पावसातून नीट पोहोचत नाहीत, एवढंच. पाऊस ओसरला की चित्र परत येतं. तेवढ्यात विकेट गेलेली असते, त्याला इलाज नाही.

फ्री डिशवर सगळं मिळतं असं मात्र समजू नका. आयपीएल त्या सरकारी यादीत नाही, कारण तो देशाचा संघ नव्हे. मार्च ते मे या महिन्यांत मुलं जी कुरकुर करतात ती याचसाठी. त्यासाठी मोबाईलचा रस्ता आहे.

मोबाईलवर मध्यंतरी फुकटाचे दिवस होते. २०२२ चा कतारचा फुटबॉल विश्वचषक जिओसिनेमावर कुणालाही पैसे न देता पाहता आला. मोरोक्को उपांत्य फेरीत पोहोचला. आफ्रिकेतला किंवा अरब जगातला कुठलाही देश त्याआधी तिथवर गेला नव्हता. १० डिसेंबरला त्यांनी पोर्तुगालला १-० ने हरवलं तेव्हा आपल्याकडे इशा होऊन गेली होती, आणि मैदानात सोफियान बुफाल आपल्या आईचे हात धरून नाचत होता. ते दृश्य पाहून फुटबॉलचे नियम न कळणाऱ्या आयांनीही ओढणीने डोळे पुसले. फ्रान्सविरुद्धची उपांत्य लढत आपल्या वेळेनुसार मध्यरात्रीनंतर साडेबाराला होती. त्या वेळी चहाचं हॉटेल बंद. ज्या घरांत मोबाईल होता त्या घरांत ती सगळ्यांनी मिळून पाहिली, मुलींसकट. मोरोक्को २-० ने हरला, ती गोष्ट वेगळी.

ते दिवस आता सरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्र येऊन जिओहॉटस्टार झालं आणि क्रिकेटसाठी पैसे मोजावे लागू लागले. मोबाईल कंपन्यांच्या काही रिचार्जबरोबर त्याची वर्गणी येते, म्हणून आधी घरात सगळ्यांचे रिचार्ज तपासा. दोन भावांनी एकच गोष्ट दोनदा विकत घेतलेली असते. पण स्वस्त योजना बहुधा फक्त मोबाईलच्या पडद्यापुरत्या असतात. ती टीव्हीवर चालते का, हे पैसे भरण्याआधी वाचा. एका मोबाईलभोवती सहा जणांनी डोकी खुपसून मॅच पाहणं दहा षटकांच्या वर टिकत नाही. मग ज्याचा मोबाईल तो कोपऱ्यात जातो आणि आपण पुन्हा तिथेच येतो. स्मार्ट टीव्ही असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर टीव्हीला एचडीएमआयची खाच आहे का पाहा. तिच्यात बसणारी छोटी स्टिक घेतली की वायफायवर काम भागतं.

मोबाईलवरची मॅच छत्रीवरच्या मॅचपेक्षा अर्धा-पाऊण मिनिट मागे असते हेही ध्यानात ठेवा. शेजारी ओरडला की समजायचं, आता षटकार येणार. आखातात असलेल्या अब्बांशी फोनवर बोलत बोलत मॅच पाहणाऱ्या घरांत तर यावरून रोज भांडण. ते तिकडून "गेला!" म्हणतात आणि इकडे गोलंदाज अजून धावत असतो.

बुद्धिबळासारखे काही खेळ यूट्यूबवर राजरोस फुकट असतात. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषक जिंकला. तो अंतिम सामना कुणालाही घरबसल्या चाली मोजत पाहता आला असता.

राहता राहिली ती व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर फिरणारी 'फुकट लिंक'. हा रस्ता घरात येऊ देऊ नका. चोरीचा माल आहे हे तर झालंच. पण अशा पानांचं पोट भरतं ते सट्ट्याच्या जाहिरातींवर. मॅच पाहता पाहता बाजूला आकडे लुकलुकत असतात, 'पुढच्या चेंडूवर काय होईल, सांगा आणि जिंका.' ऑगस्ट २०२५ च्या नव्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशात बंदी आली, तरी परदेशातून चालणारी असली पानं थांबलेली नाहीत. जुगार आपल्या घरात हराम आहे हे मुलाला माहीत असतं. पण त्या पानावर त्याला जुगार असं कुणी म्हणत नाही, 'प्रेडिक्शन' म्हणतात. त्यातच 'हे ॲप टाका, मग मॅच दिसेल' असं सांगून मोबाईलमध्ये काहीही घुसवलं जातं. ज्या मोबाईलवर बँकेचे ओटीपी येतात त्यावर असला प्रयोग नको.

वेळेचंही थोडं बोलू. घरात मॅच लागली की नमाज राहून जाते अशी काही बुजुर्गांची तक्रार असते. आमचा अनुभव उलटा आहे. बाहेर हॉटेलात बसलेला मुलगा उठत नाही, घरातला उठतो, कारण अम्मी टीव्हीचा आवाज बंद करते. दिवस-रात्रीच्या सामन्यात दोन डावांच्या मध्ये असर उरकते. संध्याकाळी सातच्या टी-ट्वेंटीत पहिला डाव संपला की इशा आणि जेवण.

आणि ज्या घरात टीव्हीच नाही, किंवा ज्यांची नजर अधू झाली आहे, त्यांच्यासाठी आकाशवाणी अजून आहे. १९७५ च्या हॉकी विश्वचषकात क्वालालंपूरला मलेशियाविरुद्ध भारत हरत आला असताना अस्लम शेर खानने गोल करून बरोबरी साधली, तो गोल या देशाने कानांनीच पाहिला. बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन ऐकत मोठे झालेले आजोबा आजही आपल्या मोहल्ल्यात सापडतील. मोबाईलवर न्यूजऑनएअर हे आकाशवाणीचं ॲप फुकट मिळतं आणि त्याला डेटाही अगदी थोडा लागतो. ते दादाजींच्या मोबाईलमध्ये टाकून द्या आणि अक्षरं मोठी करून द्या. मात्र मॅचच्या आदल्या दिवशीच एकदा लावून दाखवा. नाणेफेक झाल्यावर शिकवायला बसलात तर दोघंही चिडाल.