बेस मॉडेल, फुल्ल बेस!

महाडहून पोलादपूरकडे निघा आणि वाटेत दिसणाऱ्या पिकअप नीट बघा. गाडी बेस मॉडेलची, थाट मात्र टॉप मॉडेलचा! बंपर बॉडीच्या रंगाचा, दारावर सोनेरी पट्टे, चाकांना चकचकीत कॅप. कंपनीचं पॅकेज? छे हो, रेडियमवाल्याची करामत!

सोनं, पण चिकटवायचं! महिंद्राच्या बोलेरो कॅम्परच्या वरच्या मॉडेलचं नाव आहे 'गोल्ड'. सराफाकडे जायची गरज नाही, इथे सोनं रोलमध्ये मिळतं.

'बोलेरो' म्हणजे काय, माहीत आहे का? स्पेनचं एक नृत्य. आणि एक तोकडं जाकीटसुद्धा! नटणं-मुरडणं नावातच आहे. तरी कशेडीत गाडी दमली, की नाचता येईना, घाट वाकडा!

रेडियममध्ये रेडियम असतं का? अजिबात नाही! क्युरी दांपत्याने १८९८ साली शोधलेलं खरं रेडियम किरणोत्सर्गी. आपलं रेडियम म्हणजे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलंच.

हातसफाई बघा! आधी पत्र्यावर शाम्पूच्या पाण्याचा फवारा. ओल्यावर पट्टा हवा तसा सरकतो. जागा पक्की झाली, की जुनं एटीएम कार्ड घेऊन मधून कडेला पाणी निपटायचं. बुडबुडा राहिला? सुईचं एक टोचण, काम फत्ते! बॅलन्स नसलेलं कार्डही असं कमाईला लागतं.

बेसमध्ये बेस! नुसता पट्टा मारून भागतं होय? सीटमागे स्पीकर बसला, की बेस मॉडेलचा 'बेस' आपोआप वाढतो.

थांबा, आरटीओ! पट्टे, कॅप ठीक. पण अख्ख्या गाडीचा रंग बदलला, तर आरसी बुकातही तो बदलावा लागतो. सांगाड्याला हात लावायचा नाही: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच बजावलं. पुढचा दणकट लोखंडी गार्ड? त्याच्यावर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राची वक्रदृष्टी वळली. पोलाद पोलादपूरच्या नावात शोभतं, बंपरपुढे नाही!

घाटातला हिरो कोण? पावसाळ्यात आंबेनळीत धुकं उतरलं, की सोनेरी पट्टे गायब. तेव्हा कामाला येते ती पुढची पांढरी नि मागची लाल, उजेड परतवणारी पट्टी. फॅशनमध्ये शून्य, पण जिवाला जपणारी.

अमेरिकेतही हेच! १९७८ मध्ये डॉजने 'लिल रेड एक्स्प्रेस' काढली: लालभडक रंग, लाकडी फळ्या, सोनेरी अक्षरं आणि केबिनमागे दोन उभी धुराडी. मग काय, साध्या डॉजला तस्साच साज चढवणारे हौशी निघालेच.

आणि आता शेवटचा धक्का! फोर्डने कारखान्यात तयार झालेली पहिली पिकअप विकली १९२५ मध्ये, किंमत २८१ डॉलर. मग त्याआधी? लोक मोटारीच्या मागे आपापला हौदा ठोकून घेत! म्हणजे आधी गावचा जुगाड, मागाहून कंपनीचं मॉडेल.

तेव्हा महाडच्या पिकअपला कुणी 'कंपनीची नक्कल' म्हणालं, तर खुशाल विचारा: पहिली नक्कल केली कुणी?