धातूच्या वाफेचा मुलामा



पितळेच्या भांड्याला कल्हई करतांना आपण सर्वांनीं पाहिलें आहे. भांडें तापवावयाचें, नवसागर टाकावयाचा, कथील फिरवावयाचें, कीं भांडें आंतून चकाकूं लागतें. आज ज्या मुलाम्याविषयीं मी बोलणार आहें, त्यांत निर्वात किंवा बंदिस्त पात्रांत वाफेंतून वस्तूवर थर बसवितात. त्याच्या रीती अनेक आहेत. कोणती निवडावी हें वस्तु पाहून ठरवावें लागतें.

कॅलिफोर्नियांतील माउंट विल्सनवरील १०० इंची दुर्बिणीचा आरसा घ्या. पूर्वी त्यावर चांदी चढवीत. पण ती हवेंत काळवंडे. १९३५ सालीं त्यावर ॲल्युमिनियमचा थर देण्यांत आला. ॲल्युमिनियमवर पारदर्शक ऑक्साइडची साय धरते आणि तीच त्याला राखते. येथें निर्वातांत धातु नुसता तापवून त्याची वाफ करणें पुरतें. थर मिलिमीटरच्या सुमारें दहाहजाराव्या भागाएवढा पातळ असतो. आरशाला घर्षण सोसावयाचें नसतें.

पोलादाला भोकें पाडणाऱ्या ड्रिलला मात्र टिटॅनियम नायट्राइडचें कठीण, सोनेरी कवच हवें. तें चढविण्याची रासायनिक रीत अशी: टिटॅनियम क्लोराइडची वाफ, नायट्रोजन व हायड्रोजन हीं सुमारें १००० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलेल्या वस्तूवरून नेतात, पृष्ठभागावरच संयोग होऊन थर जमतो. वायु कानाकोपऱ्यांत शिरतो, पकडही घट्ट बसते. पण ड्रिलच्या पोलादाला पाणी देऊन झाल्यावर सुमारें ५५० अंशांवरच मुरवलेलें असतें. १००० अंशांत त्याचा कणखरपणा जातो. मऊ पोलादावरील कठीण थर दाब येतांच अंड्याच्या कवचासारखा फुटतो!

म्हणून तेथें दुसरी रीत. विजेच्या ज्योतीनें टिटॅनियमची वाफ करून ती विरळ नायट्रोजनमध्यें वस्तूवर बसवितात. उष्णता ५०० अंशांच्या आंत राहते. मात्र ही वाफ बहुतांशीं सरळ रेषेंत जाते. खोल भोकें कोरडीं राहतात, आणि वस्तु सारखी फिरवावी लागते. ज्योतीबरोबर धातूचे थेंबही उडतात. गुळगुळीतपणा हवा असल्यास आयनांच्या माऱ्यानें धातूचे अणु उडवावे. काम संथ, पण थर नितळ. टंग्स्टन कार्बाइडच्या पात्यांना १००० अंश सोसतात. त्यांना रासायनिक रीतच पुष्कळदां सोयीची.

तेव्हां आधीं तीन प्रश्न विचारावे: वस्तूला किती उष्णता सोसेल? तिचा आकार कसा आहे? थरानें काम कोणतें करावयाचें? आणि रीत कोणतीही असो, कल्हईवाला प्रथम भांडें घासतो हें विसरूं नये. बोटाचा तेलकट ठसा राहिला, तर महागांतला मुलामाही तेथूनच सुटतो.