टप काढा, टप बसवा!

‘कन्व्हर्टिबल’ म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? मरीन ड्राइव्ह, डोळ्यांवर गॉगल, उडणारे केस आणि लालचुटूक टू-सीटर. पण बॉस, आपल्याकडची सगळ्यात अस्सल ओपन-टॉप क्लासिक मरीन ड्राइव्हवर नाही, गावाकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. तिचं नाव जीप!

महिंद्रानं चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे आली ‘हाय बॉनेट’, म्हणजे सीजे-३बी. आतलं हरिकेन इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच! या जीपला घट्ट छप्पर नव्हतंच. लोखंडी कमानी आणि त्यावर कॅनव्हासचं हूड. हूड काढलं की झाली कन्व्हर्टिबल. शोरूम, बटण, रिमोट, काही भानगड नाही.

आता या हूडला पर्याय म्हणजे काढता-घालता येणारा हार्डटॉप. ही आयडिया जगभर हिट आहे. १९५५च्या फोर्ड थंडरबर्डला फायबरग्लासचा हार्डटॉप होता. १९६३च्या मर्सिडीज २३० एसएलचा हार्डटॉप मधोमध खोलगट होता, त्यावरून त्या गाडीला ‘पॅगोडा’ हे टोपणनावच पडलं. आपल्याकडे जीप आणि जिप्सीवाल्यांनी हेच केलं. ऊन, धूळ आणि पावसाला कंटाळून फायबरचे टप करून घेतले.

असाच एक टप माझ्या मामांच्या जीपवर आहे. मामा राहतात तलवाड्याला. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं, त्वरिता देवीचं हे गाव. जीपनं पन्नाशी ओलांडलीय. उन्हाळ्यात टप घालून आणि थंडीत काढून फिरायचं, हा मामांचा शिरस्ता. यंदा मात्र टप खडखडायला लागला, मागच्या दोन्ही कोपऱ्यांना तडे गेले आणि काचेच्या वरून पाणी थेट मांडीवर! एका वेल्डरनं झटपट उपाय सांगितला. लोखंडी पट्ट्या मारून टप बॉडीला कायमचा जोडून टाकायचा. खर्च कमी, आवाज बंद.

मामा म्हणाले, “आगं पोरी, मग ती जीप कशाची? डबाच की!”

मामांच्या या एका वाक्यात हार्डटॉपचं सगळं शास्त्र आहे. जो टप काढता येतो, तो काढता येण्याजोगाच राहिला पाहिजे. वेल्डिंग केलं की परतीचा रस्ता बंद. शिवाय जीपची चॅसिस खड्ड्यातून जाताना पिळली जाते. त्यात कडक टप थेट लोखंडाला आवळला की सगळा ताण बोल्टच्या भोकांवर येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. म्हणजे वेल्डिंगनं आवाज थांबला असता, तडा नाही.

मग फायबरचं काम करणारे एक मिस्त्री आले आणि आमची वर्कशॉप सुरू झाली. चौघांनी टप उचलून पोत्यांवर उलटा ठेवला. प्रत्येक तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग आतल्या बाजूनं कडा लांबपर्यंत उतरती घासली. नुसता तडा बुजवला तर तो पुन्हा उघडतो. जोड पसरट हवा. त्यावर ग्लास मॅटचे थर आणि रेझिन, प्रत्येक थरावर रोलर फिरवून हवा बाहेर काढायची. फायबरची धूळ भयंकर खाजते, म्हणून मास्क, हातमोजे आणि फुल शर्ट मस्ट!

खरी गंमत हार्डनरची. तो रेझिनच्या साधारण १ ते २ टक्के घालतात. पण मराठवाड्याच्या उन्हात रेझिन बघता बघता आवळतं, कप हाताला चटका देतो. म्हणून मिस्त्री सकाळी सहाला हजर आणि दहाच्या आत काम बंद. एका वेळी थोडंच मिश्रण करायचं, हा त्यांचा नियम.

मग आलं मॉडिफिकेशन. इथे मामांची एकच अट: बॉडीला एकही नवं भोक पडता कामा नये. आधीच्याच भोकांचा वापर झाला. बोल्टखाली छोट्या वॉशरऐवजी रुंद लोखंडी पट्ट्या आल्या, टप आणि बॉडीच्या मधे जाड रबर. पुढे काचेच्या फ्रेमवर नवं बीडिंग. बाजूच्या बंद खिडक्यांच्या जागी सरकत्या काचा, आतून फोमचं अस्तर आणि वरून पांढरा रंग. उन्हात हात लावून बघा, फरक कळतो! बसवताना सगळे बोल्ट आधी सैल लावले, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. शेडच्या आढ्याला चेन पुली लावलीय. आता टप काढायला दोन माणसं पुरतात.

पण हा नुसता हौसेचा मामला नाही, कायद्याचाही आहे. जुलै २०२१मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी आणि चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नको. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. वेल्डिंग केलं असतं तर बॉडीत कायमचा बदल झाला असता आणि ‘मूळ रूप’ कुठल्या तोंडानं सांगणार? आमच्या जीपच्या जुन्या कमानी मात्र अजून माळ्यावर जपून ठेवल्यात.

अर्थात मेख आहेच. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशाच कारणांनी रस्त्यावर आणता येते. मामांना तर तिच्यातून कापसाच्या शेतावर जायचंय! त्यांचा निर्णय अजून व्हायचाय. टप सुटा असल्यामुळे निदान निर्णय घ्यायची मोकळीक त्यांच्या हातात उरलीय.

तुमच्याही घरी अशी एखादी जीप किंवा जिप्सी असेल, तर एवढं कराच. टपाला हात लावण्याआधी आरसीवर बॉडी टाइप काय लिहिलाय ते बघा आणि आरटीओत विचारून घ्या. मूळ वाहनात मनमानी बदल चालणार नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९मध्ये बजावलंय. मूळ हूड, कमानी, बोल्ट काहीही भंगारात देऊ नका. दर पावसाळ्याआधी बीडिंग आणि बोल्टची भोकं तपासा. आणि फायबरचा टप म्हणजे रोल केज नव्हे, गाडी उलटली तर तो तुम्हाला वाचवणार नाही. त्यामुळे सीटबेल्ट बसवून घ्या आणि लावा.

बाकी, या डिसेंबरच्या वीकेण्डला टप उतरवा आणि निघा. गॉगल मात्र विसरू नका, गावाकडे धूळ फार!