हीथ्रो ते लंडन, गडद निळ्या रेघेवरून

लंडनला उतरणारं विमान बहुतेक वेळा शहराच्या डोक्यावरूनच येतं. वारा पश्चिमेचा असला की पूर्वेकडून उतरायचं, आणि वर्षातले बरेच दिवस वारा तसाच असतो. त्यामुळे जागा निवडता येत असेल तर उजव्या हाताची खिडकी घ्या. ढग नसतील तर थेम्सची वळणं, टॉवर ब्रिज, पार्लमेंट, हाइड पार्कचा हिरवा चौकोन असं अख्खं लंडन क्रमाने खालून सरकत जातं.

हीथ्रोवरून २०२४ मध्ये जवळजवळ ८ कोटी ३९ लाख प्रवाशांनी ये-जा केली, आणि हा सगळा पसारा अवघ्या दोन धावपट्ट्यांवर चालतो. पश्चिमेचा वारा असताना एकीवर विमानं उतरतात, दुसरीवरून उडतात आणि दुपारी तीन वाजता त्यांची अदलाबदल होते. विमानांच्या वाटेखाली राहणाऱ्यांना निदान अर्धा दिवस शांतता मिळावी, एवढ्यासाठी. इथे पूर्वी हीथ रो नावाची वाडी होती. भोवतालच्या शेतामळ्यांतला भाजीपाला लंडनच्या बाजारात जाई. १९४४ मध्ये हवाई दलाच्या नावाने जमीन घेतली गेली आणि घरं पाडली गेली. १९४६ मध्ये नागरी वाहतूक सुरू झाली तेव्हा प्रवाशांना लष्करी तंबूंत बसवत.

आजच्या प्रवाशाला या इतिहासातलं एकच कामाचं आहे. विमानतळाच्या इमारती धावपट्ट्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या, त्यामुळे वाढायला जागा उरली नाही. म्हणून १९८६ मध्ये चौथं टर्मिनल दक्षिणेच्या धावपट्टीपलीकडे गेलं आणि २००८ मध्ये पाचवं पश्चिमेच्या टोकाला, सांडपाण्याच्या गाळावर प्रक्रिया करणाऱ्या जुन्या केंद्राच्या जागेवर. पहिलं टर्मिनल २०१५ मध्ये बंद झालं. दोन आणि तीन चालत जाण्याइतकी जवळ आहेत. चार आणि पाचला जायचं तर रेल्वे किंवा बस. टर्मिनलमधला रेल्वेप्रवास फुकट असतो. मुलगा किंवा सून न्यायला येणार असेल तर ‘हीथ्रोला उतरतोय’ एवढं सांगून भागत नाही, टर्मिनलचा आकडा आधी कळवावा लागतो.

विमानातून बाहेर पडलात की पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरं धरून चालत राहायचं. चालणं बरंच आहे. पाचव्या टर्मिनलच्या दूरच्या इमारतींत उतरलात तर मुख्य इमारतीपर्यंत जमिनीखालून चालकाविना धावणारी छोटी गाडी आहे. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी व्हीलचेअरची मदत तिकीट काढतानाच मागून ठेवावी. ती मोफत असते आणि त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. पासपोर्ट तपासणीची स्वयंचलित दारं भारतीय पासपोर्टसाठी नाहीत, आपली रांग अधिकाऱ्याच्या टेबलासमोरची. कशासाठी आलात, किती दिवस, कुणाकडे, असे दोन-चार प्रश्न होतात. मुलाचा पत्ता पोस्टकोडसकट कागदावर लिहून हातातल्या पिशवीत ठेवलेला असला की निम्मी धडधड कमी होते. फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपलेली असते.

सामान घेतल्यावर कस्टम्स. इथे मराठी घरांचं मन हमखास दुखतं. भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप नाही, पेढे नाहीत, खव्याची बर्फी नाही. नातवासाठी घरी कढवलेलं तूप टाकून द्यावं लागणं जिवावर येतं, हे खरं. पण २००१ मध्ये लाळ्या-खुरकुताच्या साथीत या देशाला साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली होती. तो प्रसंग इथला शेतकरी अजून विसरलेला नाही. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला खुशाल न्या.

आता शहर. हीथ्रोहून रेल्वेने जायच्या तीन तऱ्हा आहेत. हीथ्रो एक्स्प्रेस मधल्या टर्मिनलवरून पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला पोचवते, पण तिघींत सर्वांत महाग. मे २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन अर्ध्या तासात पॅडिंग्टन गाठते आणि तशीच पुढे लंडनच्या पोटातून पूर्वेकडे जाते. तिसरी पिकॅडिली लाइन, नकाशावरची गडद निळी रेघ, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सावकाश. टॅक्सीचं म्हणाल, तर वाहतूक तुंबली की ती यांतल्या कुठल्याही गाडीच्या मागे पडते.

तिकिटाच्या खिडकीशी जायची गरज नाही. परदेशी व्यवहार चालू असलेलं बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड आत जाताना पिवळ्या गोलाला टेकवायचं आणि बाहेर पडताना तेच कार्ड पुन्हा टेकवायचं. माणशी एक कार्ड लागतं, नवरा-बायकोत एक चालत नाही. मोठ्या माणसाबरोबरची अकरा वर्षांखालची मुलं ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, फुकट.

मोठ्या बॅगा असतील तर मी एलिझाबेथच सुचवेन. तिच्या प्रत्येक स्थानकात लिफ्ट आहे आणि डबे वातानुकूलित आहेत. शिवाय सगळ्या थांब्यांवर थांबणारी गाडी मिळाली तर वाटेत साउथॉल लागतं. तिथे फलाटावर स्थानकाचं नाव इंग्रजीखाली गुरुमुखीत लिहिलेलं आहे. हीथ्रोवर सामान उचलणाऱ्या, विमानांतलं जेवण भरणाऱ्या, फरश्या पुसणाऱ्या पंजाबी बायका-पुरुषांच्या दोन पिढ्या या साउथॉल-हाउन्स्लोच्या घरांतून कामावर गेल्या. आपण ज्या चकचकीत मजल्यांवरून चालत आलो, त्यात त्यांचा घाम आहे.

हातात एकच बॅग असेल, दिवस उजेडाचा असेल आणि घाई नसेल, तर मात्र पिकॅडिलीच. ही लाइन १९७७ मध्ये विमानतळाच्या मध्यापर्यंत आली. आजही धावणारे तिचे जुने डबे १९७० च्या दशकातले; विमानतळाच्या प्रवाशांचा विचार करून त्यांच्या दारांजवळ सामानासाठी मोकळी जागा ठेवलेली आहे. हाउन्स्लोपासून गाडी उघड्यावर येते आणि लंडनची मागची बाजू दिसू लागते. एकाला एक चिकटलेली विटांची घरं, प्रत्येकाच्या छपरावर धुराड्यांची रांग, मागे पट्टीएवढी बाग, तिच्यात घसरगुंडी आणि वाळत घातलेले कपडे. पर्यटकांच्या पत्रिकांत हे लंडन छापत नाहीत, पण माणसं राहतात ती इथे. ॲक्टन टाउननंतर शेजारच्या रुळांवरून डिस्ट्रिक्ट लाइनची गाडी धावते. ती छोट्या स्थानकांवर थांबते आणि आपली गाडी तिला मागे टाकत हॅमरस्मिथ गाठते. बॅरन्स कोर्ट सुटलं की गाडी १९०६ च्या बोगद्यात शिरते. डबा अरुंद, गोलसर छताचा. गाडीचा खडखडाट एवढा की बोलणं थांबतं.

ट्यूबचा नकाशा तेवढ्यात वाचून घ्यावा. हॅरी बेक नावाच्या आरेखकाने आखलेला हा नकाशा पहिल्यांदा १९३३ मध्ये लोकांच्या हाती पडला. त्याने खरी अंतरं बाजूला ठेवली आणि विजेच्या मंडलाच्या आकृतीसारख्या सरळ आणि तिरक्या रेघा काढल्या. कुठे बसायचं, कुठे बदलायचं, एवढंच दाखवलं. पहिल्यांदा आलेला माणूस कुणाला न विचारता या शहरात फिरू शकतो तो याच्या जोरावर.

याच लाइनवर साउथ केन्सिंग्टनला संग्रहालयं, ग्रीन पार्कला राजवाडा, किंग्ज क्रॉसला उत्तरेच्या गाड्या. मराठी माणसाने होबर्नला मात्र आवर्जून उतरावं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये जिथून डी.एस्सी. मिळवली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स इथून चालत दहा मिनिटांच्या आत आहे. ते बॅरिस्टर झाले ते ग्रेज इनही जवळच. सावरकर कायदा शिकले तेही ग्रेज इनमध्येच. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतलं. त्यासाठी लेस्टर स्क्वेअरला नॉर्दर्न लाइन पकडून चॉक फार्मला जायचं. तिथून घर पायी गाठता येतं.

परतताना एक लक्षात ठेवा. पिकॅडिलीच्या पश्चिमेकडच्या सगळ्या गाड्या विमानतळाला जात नाहीत. ॲक्टन टाउनला फाटा फुटतो आणि काही अक्सब्रिजकडे वळतात. हीथ्रोच्या गाड्यांतही काही चौथ्या टर्मिनलला जातात, काही पाचव्याला. चौथ्याची गाडी तिथे काही मिनिटं थांबते आणि मग वळसा घेऊन दोन-तीनला येते. गाडीच्या कपाळावरचं नाव वाचल्याशिवाय चढू नका, आणि उड्डाणाच्या तीन तास आधी टर्मिनलच्या दारात असाल अशा बेताने निघा.