तिला एकदा बघू द्यायला हवं होतं

आमच्या परसात चार बदकं होती. राजा, गौरी, चिंगी आणि ठमी. चिंगी-ठमी एकाच खोक्यातून आलेल्या. धुण्याच्या दगडापाशी साचलेल्या पाण्यात चोच घालायची तीही दोघींनी बरोबर, झोपायचं तेही अंगाला अंग लावून.

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मुसळधार पाऊस आला. घाईघाईत मी बदकं खुराड्यात कोंबली, मोजली नाहीत. रात्री ठमी सारखी ओरडत होती. पावसाला घाबरली असेल, असं म्हणून मी कूस बदलली. सकाळी चिंगी कुंपणाशी मरून पडलेली दिसली. कुत्र्याचं काम. मुलं उठायच्या आत मी तिला माडाखाली पुरलं आणि मग खुराडं उघडलं.

राजा आणि गौरी दोन दिवसांत सावरले. ठमी मात्र कुंपणापासून दगडापर्यंत फेऱ्या मारायची. ओरडायची, थांबायची, कान देऊन ऐकायची, पुन्हा ओरडायची. कोंड्याला तोंड लावेना. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू तिला दाखवलंच नाहीस. ती शोधतेय."

पुढे वाचनात आलं, अमेरिकेतल्या एका प्राणी आश्रयस्थानात हार्पर आणि कोल नावाचे दोन बदक-नर होते. २००६ साली सुटका करून आणलेले, चार वर्षं जिवाभावाचे सोबती. कोल गेला तेव्हा हार्परला त्याच्याजवळ जाऊ दिलं. त्यानं आधी कोलला ढोसून पाहिलं, मग त्याच्या मानेवर आपली मान टाकून तो कितीतरी वेळ पडून राहिला. दोन महिन्यांनी तोही गेला. १९७३ चे नोबेल मिळवणारे कोनराड लोरेन्झ यांनीही जोडीदार गमावलेल्या हंसांची खाली घातलेली मान टिपून ठेवली आहे. त्यांचं दुःख अगदी आपल्यासारखंच असतं, असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. पण कुणीतरी नाही, हे त्यांना कळतं.

ठमीकडे बघताना मला आमच्या बचत गटातल्या एकीचा मुलगा आठवायचा. सात वर्षांचा. वडील अपघातात गेले तेव्हा त्याला आजोळी पाठवलं आणि "बाबा मुंबईला गेलेत" असं सांगितलं. रोज संध्याकाळी तो एसटीच्या फाट्यावर जाऊन उभा राहायचा. तसं सांगा म्हणणाऱ्यांत मीही होते. शेवटी मी त्याच्या आईकडे गेले. तिनं त्याला जवळ घेऊन खरं सांगितलं. त्या रात्री तो खूप रडला. पण फाट्यावर जाणं थांबलं.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे बदकं असतील आणि एखादं जखमेनं गेलं, तर बाकीच्यांना थोडा वेळ त्याच्याजवळ जाऊ द्या. मात्र एकदम दोन-चार मेली किंवा आजारी दिसली, तर उघड्या हातानं शिवू नका, मुलांना लांब ठेवा, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापुरात आलेला बर्ड फ्लू विसरून चालणार नाही. एकटं उरलेलं बदक झुरतं, त्याला सोबत आणा. पण नव्याला काही दिवस जाळीपलीकडे ठेवा, ओळख होऊ द्या.

ठमी हळूहळू खायला लागली. आता गौरीला टेकून झोपते. मी मात्र रोज कडी लावायच्या आधी मोजते. एक, दोन, तीन.